कपडा घेण्याआधी एकदा उलटा करून बघा

(या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, मेट्रोत उभे असाल, किंवा एका कानात इअरफोन घालून भांडी घासत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय थेट आमच्या घरातल्या भांडणातून आलाय. झालं असं, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. रिसेप्शनसाठी तिला एक लेहेंगा आवडला, पुण्यातल्या एका डिझायनरच्या दुकानातला. किंमत १ लाख ३५ हजार. बाबा लगेच म्हणाले, “एफडी मोडू. लग्न काय रोज होतं का?” आणि मी, घरातला हुशार इंजिनिअर, मध्येच बोललो, “अगं, डिट्टो तसाच लेहेंगा २२ हजारात मिळतो. फोटोत कुणाला कळणार आहे?”

ती शांतपणे म्हणाली, “दादा, तू नऊ हजारांचा शर्ट घेतलास तेव्हा तुला कुणी विचारलं होतं?”

मी गप्प. कारण तो शर्ट खरंच आहे, माझ्या कपाटात आहे, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय आजचा विषय पुढे सरकत नाही. विषय साधा आहे. महागडा डिझायनर कपडा खरंच तेवढ्या मोलाचा असतो, की नुसतीच त्याची किंमत मोठी असते?

तर तो शर्ट. तीन वर्षांपूर्वी मला पहिला बरा बोनस मिळाला. एका क्लायंटसमोर मोठं प्रेझेंटेशन होतं. मी मॉलमध्ये गेलो आणि ८,९९० रुपयांचा पांढरा शर्ट घेतला. छातीवर छोटंसं चिन्ह. पैसे देताना हात थोडा थरथरला, पण आरशात बघितलं आणि वाटलं, हां, आता आपण त्यांच्यातले दिसतोय.

पुढच्या सुट्टीत तो घालून इचलकरंजीला गेलो. आमचं गाव ते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापूर जिल्ह्यातलं इचलकरंजी म्हणजे यंत्रमागांचं गाव. तिथे रात्री झोपताना पंख्याचा नाही, मागांचा आवाज ऐकत झोपतात. माझ्या मामाचं तिथे छोटं गारमेंट आहे. चौदा शिलाई मशीन, सगळं जॉबवर्क. म्हणजे कापड दुसऱ्याचं, लेबल दुसऱ्याचं, शिलाई मामाची.

मामानं शर्टाकडे बघितलं आणि म्हणाला, “काढ की जरा.” मला वाटलं कौतुक करणार. त्यानं शर्ट हातात घेतला आणि पहिली गोष्ट काय केली? उलटा केला. छातीवरचं चिन्ह त्यानं बघितलंसुद्धा नाही. आपण सोर्स कोड उघडून बघतो ना, अगदी तसं.

मग तो बोलत गेला आणि मी ऐकत गेलो. बाजूच्या शिवणीवर अंगठा ठेवून त्यानं एका इंचातले टाके मोजले. अठरा. “चांगलं काम हाय,” म्हणाला. साध्या शर्टात दहा-बारा असतात. टाके जितके जवळ तितका मशीनवर वेळ जास्त, आणि वेळ म्हणजे कारागिराची मजुरी. मग शिवणीची कड दाखवली. कापडाची कच्ची कड कुठेच दिसत नव्हती, आत दुमडून बंद केलेली. कॉलर दोन बोटांत चोळून बघितली. आतलं बकरम चांगल्या प्रतीचं, धुतल्यावर फुगे येणार नाहीत असं. कापड उजेडाला धरलं. बारीक सुताचं, दोन धागे पिळून एक केलेलं. म्हणून ते पातळ असूनही मजबूत होतं.

मी खूश. म्हटलं, “म्हणजे वसूल आहे ना, मामा?”

मामा हसला. कॅल्क्युलेटर नाही, काही नाही, तोंडीच हिशोब. कापड दीड-पावणेदोन मीटर, साधारण सातशे रुपये. शिलाई साडेतीनशे धर, एवढ्या बारीक कामाची. बटणं, बकरम, लेबल, डबा, सगळं मिळून दीडशे. “बाराशे रुपयांचा शर्ट हाय बघ. झकास बाराशेचा.”

आता तुम्ही म्हणाल, मग उरलेले साडेसात हजारांहून जास्त गेले कुठे? सगळे काही लुटीत गेले नाहीत, हे मला मान्य आहे. मॉलमधल्या दुकानाचं भाडं, एसी, पगार, जाहिरात, न विकलेला माल, कंपनीचा नफा, हे सगळं त्यात येतं. टॅक्स तर आहेच. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. त्या दरानं ८,९९० मधला टॅक्सच साधारण १,३७० रुपये होतो. म्हणजे बघा, तो शर्ट बनवायला लागला त्यापेक्षा जास्त पैसा नुसत्या टॅक्सचा. हे कळल्यावर मी दोन मिनिटं बसूनच राहिलो.

पण थांबा. इथे एपिसोड संपवून “ब्रँड म्हणजे फसवणूक, सगळं लोकल घ्या” असं म्हणणं सोपं आहे. अशी रील्स रोज येतात. मामानं त्याच दिवशी दुसरी गोष्टही दाखवली, ती कुणी सांगत नाही.

माझ्या बॅगेत ऑनलाइन घेतलेला ३९९ चा शर्ट होता. मामानं तोही उलटा केला. एका इंचात सात टाके. कच्ची कड तशीच, वर फक्त इंटरलॉक मारलेलं. खिशावरच्या रेघा आणि शर्टाच्या रेघा यांची एकमेकांशी ओळखच नाही. बटण ओढलं तर दोरा लोंबायला लागला. आणि शिवणीच्या आत कापड एवढंसंच सोडलेलं की जोरात हात वर केला तर उसवणार.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी काय म्हणतात माहितीये? माया. “शिवणीत माया सोडा, पोरगं वाढतंय,” असं आपल्या आया शिंप्याला सांगायच्या. कपडा ढिला करायचा असेल, उसवला तर परत शिवायचा असेल, तर आत माया लागते. मामा म्हणाला, “ह्यात माया न्हाई बघ. ह्यो कपडा दुरुस्त व्हायला केलेलाच न्हाई.”

तेव्हा “स्वस्त आणि महाग सगळं एकच” हेही खोटं आहे. ३९९ आणि १,२००-१,६०० यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो हाताला लागतो. १,६०० आणि ८,९९० यांच्यातला फरक मात्र हाताला फारसा लागत नाही. एका मर्यादेपर्यंत आपण कपड्यासाठी पैसे देतो. त्याच्या पुढे नावासाठी देतो.

नावाचं गणित कसं चालतं याचं आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. कपडा नाही, चप्पल आहे, पण गणित तेच. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं सँडल दाखवल्या. आपल्या कोल्हापुरीसारख्याच दिसणाऱ्या, आणि कोल्हापूरचा उल्लेख नाही. इकडे गदारोळ झाला, मग कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा कोल्हापुरीचीच आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर मिळून २,००० जोड इथे बनवायचं जाहीर झालं. किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. आमच्याकडे चांगली हातानं केलेली कोल्हापुरी दोन-तीन हजारांत मिळते. चामडं थोडं वेगळं असेल, फिनिशिंग असेल. पण ऐंशी हजारांचा फरक चामड्यात मावत नाही हो.

आणि हे नाव जपायला कंपन्या कुठपर्यंत जातात? २०१८ मध्ये बर्बरी या ब्रिटिश कंपनीच्या वार्षिक अहवालातून बाहेर आलं की आधीच्या एका वर्षात त्यांनी २ कोटी ८६ लाख पाउंडांचा न विकलेला माल नष्ट केला होता. स्वस्तात विकला तर नावाची किंमत पडते, म्हणून. टीका झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी हे बंद करत असल्याचं जाहीर केलं. चांगला, नवाकोरा माल! कपडा म्हणून त्याची किंमत शून्य धरली, नाव वाचावं म्हणून.

आता अनेकांचा एक मुद्दा असतो, “महाग घेतलं तर निदान कारागिराला तरी चांगले पैसे मिळत असतील.” मलाही असंच वाटायचं. २०२४ मध्ये मिलानच्या कोर्टानं डिओरच्या एका इटालियन उपकंपनीवर देखरेख बसवली होती. तिथल्या तपासात समोर आलं की दुकानात २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जोडणीसाठी ठेकेदाराला ५३ युरो दिले जात होते. कच्चा माल वेगळा, हे खरंय. २०२५ मध्ये ती देखरेख उठवण्यातही आली. पण महाग म्हणजे न्याय्य, हे समीकरण तिथेच तुटलं.

मग स्वस्तात न्याय आहे का? तोही नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते. ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं होतं. तिथे शिवले जाणारे कपडे परदेशातल्या साध्या दुकानांत स्वस्तात विकले जायचे. टी-शर्ट जेव्हा अशक्य वाटेल इतका स्वस्त असतो, तेव्हा ती बचत कुणाच्या तरी खिशातून आलेली असते. म्हणून नुसती किंमत बघून कारागिराचं भलं झालं की वाईट, हे ठरवता येत नाही. कपडा कुठे आणि कुणी बनवला, हे विचारावंच लागतं.

आता थोडं प्रामाणिक बोलतो. मामाचा हिशोब ऐकूनही मला एक प्रश्न छळत होता. मी तो शर्ट घेतलाच का?

कारण मी मराठी मीडियमचा. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा मीटिंगमध्ये बोलायच्या आधी वाक्य मनात तीनदा इंग्लिशमध्ये जुळवायचो. आजूबाजूची पोरं सहज बोलायची, सहज हसायची. मला वाटलं, तोंड उघडायच्या आधी शर्टानं माझ्याबद्दल काहीतरी बोलावं. त्या नऊ हजारांत मी कापड नाही घेतलं, थोडी हिंमत घेतली. आणि ती पूर्ण खोटी नव्हती. तो शर्ट घातला की मी ताठ बसायचो. म्हणून कुणी लोगोचा टी-शर्ट घेतला तर मी त्याला हसत नाही. प्रत्येकाला कुठल्या तरी खोलीत शिरायचं असतं.

फक्त, ज्या प्रेझेंटेशनसाठी शर्ट घेतला ते ऐनवेळी ऑनलाइन झालं. कॅमेरा बंद. मी घरी, शर्टाची घडी कपाटात, आणि अंगात कॉलेजचा जुना टी-शर्ट. प्रेझेंटेशन चांगलं झालं, राव!

त्या दिवसानंतर मी एक एक्सेल शीट सुरू केली. इंजिनिअर आहे, सवय जात नाही. कपड्याची किंमत भागिले किती वेळा घातला. बस, एवढंच.

३९९ चा शर्ट बारा वेळा घातला, मग कॉलर गेली. एका वेळेचे ३३ रुपये. गल्लीतल्या टेलरकडून शिवलेला शर्ट, कापड ९०० आणि शिलाई ७००, असे १,६०० चा. तो आजवर नव्वद वेळा घातलाय आणि अजून धडधाकट आहे. एका वेळेचे १८ रुपये. आणि आमचे साहेब, ८,९९० वाले, तीन वर्षांत चाळीस वेळा. एका वेळेचे २२५ रुपये. का चाळीसच? कारण डाग पडेल या भीतीनं मी तो घालतच नाही! महाग कपड्याचा हाही एक खर्च असतो.

तर ही सगळी शिदोरी घेऊन मी बहिणीला म्हणालो, “चल, दोन्ही लेहेंगे उलटे करून बघू.” मनात खात्री होती की मीच जिंकणार.

मी हरलो. अगदी सपशेल.

२२ हजारांचा लेहेंगा उलटा केला. आत सगळीकडे पांढऱ्या कागदासारखं अस्तर चिकटलेलं, म्हणजे भरतकाम मशीनचं. टिकल्या गोंदानं चिकटवलेल्या. दुकानातच तीन माझ्या बोटाला लागून आल्या. मग १ लाख ३५ हजारवाला. दुकानदार स्वतःहून म्हणाला, “उलटा करून बघा ना, त्यासाठीच ठेवलाय.” आतून हाताचे टाके स्पष्ट दिसत होते. जरदोसी, अड्ड्यावर कापड ताणून केलेलं काम. एका लेहेंग्यावर तीन-चार कारागीर कित्येक दिवस बसलेले असतात. अस्तर मऊ, कमरेला शिवणीत भरपूर माया. तिथे सगळा पैसा नावाचा नव्हता, बराचसा माणसांच्या तासांचा होता. आणि अजून एक. २२ हजारवाल्याचं डिझाइन कुणाचं होतं? त्याच डिझायनरचं, उचललेलं. मी घरात ज्याला “डिट्टो” म्हणत होतो, त्याला आमच्या ऑफिसात कॉपी-पेस्ट म्हणतात आणि त्यावर नोकरी जाते.

बहीण विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “मान्य. तो चांगला आहे, खरंच चांगला आहे. आता फक्त एक सांग, किती वेळा घालशील?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एकदा. फार तर दोनदा.”

मी पुढे काहीच बोललो नाही. शपथ. भागाकार तिनंच केला.

शेवटी काय झालं? तिनं रिसेप्शनसाठी डिझायनर लेहेंगा भाड्यानं घ्यायचं ठरवलं, एका दिवसाचे १४ हजार. आजकाल पुण्यात हे सहज मिळतं. आणि लग्नविधींसाठी आईबरोबर येवल्याला जाऊन हातमागावरची पैठणी घेतली, ३८ हजारांची. त्यातले २० हजार तिनं स्वतःच्या पगारातून दिले. बाबांची एफडी आहे तिथेच आहे.

पैठणी घरी आली तेव्हा मामा आला होता. त्यानं अर्थातच पदर उलटा केला. आणि उलटीकडे बघतच राहिला. कारण हातानं विणलेल्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. प्रत्येक रंगाचा धागा हातानं जिथल्या तिथे गुंतवलेला असतो. मशीनवरच्या नकलेत मागे लोंबणारे, कापलेले धागे दिसतात. मामा म्हणाला, “हिला उलटी बाजूच न्हाई.” आमच्या मामाच्या तोंडून एवढं कौतुक मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

तर मंडळी, जाता जाता मामाची यादी देतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. दुकानात गेलात की कपडा आधी उलटा करा. एका इंचात किती टाके आहेत ते बघा. कच्च्या कडा झाकल्यात का, आणि आत माया आहे का ते बघा. रेघांचा किंवा चौकड्यांचा कपडा असेल तर खिशावर आणि बाजूला रेघा जुळतात का बघा. बटण आणि काज ओढून बघा. कापड उजेडाला धरा आणि आतल्या पट्टीवर ते कॉटन आहे की पॉलिएस्टर हे वाचा. रेशीम घेत असाल तर सिल्क मार्क शोधा. हे सगळं करूनही महाग कपडा आवडला, परवडतोय, आणि कर्ज न काढता घेता येतोय, तर बिनधास्त घ्या. फक्त त्यातले किती पैसे कपड्याचे आणि किती नावाचे, हे स्वतःला माहीत असू द्या. आणि घेतलात तर घाला हो. कपाटात ठेवू नका.

आजच्या रेकॉर्डिंगला मी तोच ८,९९० चा शर्ट घातलाय. एक्केचाळिसावी वेळ. २२५ वरून २१९ वर आलोय. बाहीवर आत्ताच चहाचा एक थेंब पडला, आणि खरं सांगू, फारसं वाईट वाटलं नाही.

तुमच्या कपाटात असा एखादा ‘साहेब’ असेल, तर त्याचाही भागाकार करून मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!